पेणला जाऊन आणलेलं पेन

"पेणला जाऊन येते," असं आमच्या डोलवीत म्हटलं तर कशाला, हे कोणी विचारत नाही. बाजार पेणचा, तहसील कचेरी पेणची, गणपतीसुद्धा पेणचेच. पण मागच्या महिन्यात मी घरात सांगितलं, "पेणला पेन आणायला चालले," तेव्हा सगळे हसायलाच लागले. मुलगा म्हणाला, "आई, घरात डबाभर पेनं पडलीत की!" पडलीत, हे खरं. पण त्यातली निम्मी उमटत नाहीत, दोन-तीन बिनटोपणाची आहेत, आणि जी चालतात ती एक तर त्याची, नाही तर त्याच्या बाबांची. फोनवर कोणी नंबर सांगायला लागलं की मी काय करते? गॅसच्या बाजूला पडलेला पेन्सिलचा तुकडा शोधते.

मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. घरात आपला कप असतो, आपली उशी असते, आपला मोबाइलही आता असतो. आपलं पेन असतं का? प्रश्न साधा आहे, पण मला तो फार महाग पडलेला आहे. म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

लग्न होऊन मी डोलवीला आले तेव्हा नुकतीच बी. ए. झाले होते. वाडीत बायकांचा बचत गट सुरू होत होता. शिकलेली सून म्हणून रजिस्टर माझ्याकडे आलं. चौदा जणी, महिन्याला पन्नास रुपये. माहेरून येताना वडिलांनी त्यांचं शाईचं पेन दिलं होतं. त्याच पेनाने मी निळ्या शाईत सुंदर रकाने भरायचे. बायका म्हणायच्या, "किती छान अक्षर गं तुझं!" मलाही त्याचा अभिमान होता.

मग २६ जुलै २००५ आली. त्या पावसाने मुंबईची दैना केली, तशीच आपल्या रायगडचीही केली. आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर कपाटाच्या खालच्या खणातून रजिस्टर काढलं, तर पानं शाबूत आणि अक्षरं गायब! फिकट निळे डाग तेवढे उरले होते. शेजारच्या खोलीत सासऱ्यांची जमाखर्चाची वही होती. तीही तेवढीच भिजली होती, पण ती साध्या बॉलपेनाने लिहिलेली. वाळवल्यावर तिचा आकडा न् आकडा वाचता आला.

आम्ही चौदा जणी ओट्यावर बसलो आणि आठवून आठवून हिशोब पुन्हा मांडला. सगळ्यांचा जुळला, एका काकूंचा सोडून. त्यांनी हजार रुपये उचलले होते. त्या म्हणाल्या, सहा हप्ते फेडले. बाकीच्यांना पाचच आठवत होते. मला स्वतःला काहीच छातीठोकपणे सांगता येईना. काकूंना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे कागद नव्हता, चिठ्ठी नव्हती. थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग कमरेची पिशवी सोडून शंभराची नोट पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "जाऊ दे बाय, माझा आंगठाच खोटा."

शंभर रुपये त्या वेळी थोडे नव्हते. पण मला पैशापेक्षा ते वाक्य लागलं. काकूंचा अंगठा खोटा नव्हता. चूक माझ्या शाईची होती, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे चौदा जणींचा हिशोब एकीच्याच वहीत होता. आज 'उमेद'च्या गटांना पंचसूत्री सांगतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवं, नियमित हिशोब लेखन. या पाचव्या सूत्राला मी माझ्यापुरती एक जोड देते. गटाचा हिशोब गटाच्या वहीत असतोच, पण प्रत्येकीचा हिशोब तिच्या स्वतःच्या वहीत, तिच्या स्वतःच्या हाताने लिहिलेला असला पाहिजे.

त्या पावसाळ्यानंतर काकूंना मी अक्षरं शिकवायला बसवलं. पहिले दोन महिने बॉलपेन दिलं. शेतात आणि मिठागरात राबलेला हात, त्या पेन मुठीत धरायच्या आणि इतका जोर द्यायच्या की कागद फाटायचा. दहा मिनिटांत बोटं दुखायची. बॉलपेनातली शाई तेलकट, घट्ट असते. टोकावरची बारीक गोळी फिरली तरच ती उतरते आणि गोळी फिरायला दाब लागतो. एक दिवस सहज वडिलांचं पेन त्यांच्या हातात दिलं. शाईच्या पेनात निबेच्या मधल्या चिरेतून पातळ शाई आपोआप खाली येते, कागदाला टोक नुसतं टेकलं तरी पुरतं. काकूंनी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हे तर आपसूक चालतंय!" आपल्या पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर पाहिलेत ना? ब्रश किती हलका धरतात! जोर लावून डोळा उमटत नाही. अक्षराचंही तसंच आहे. त्या दिवाळीच्या आत काकू सही करायला लागल्या.

म्हणून, ज्या मैत्रिणी मोठेपणी लिहायला शिकताहेत, ज्यांची बोटं आखडतात, किंवा ज्यांचं लिहिणंच सुटलंय, त्यांना माझं सांगणं असतं की एक साधं, स्वस्त शाईचं पेन घ्या. 'हे शाळेतलं, जुन्या काळातलं' म्हणून नाक मुरडू नका. आपल्या मराठी माणसांचा तर या धंद्याशी जुना संबंध आहे. दिगंबर आणि गोविंद या दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत गिरगावात घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच उंटाचं चित्र असलेली कॅमल शाई आणि कॅमलिन कंपनी उभी राहिली. आता त्या कंपनीत जपानच्या कोकुयो कंपनीचा मोठा वाटा आहे, पण उंटाची दौत अजून मिळते.

आता पेन निवडायचं कसं? पहिली गोष्ट, महाग घेऊ नका. रोज वापरायचं पेन हरवतं, पडतं, मुलं पळवतात. शाळेच्या मुलांसाठी असतं ते पेन सुरुवातीला पुष्कळ झालं. मी या वेळी सत्तर रुपयांचं घेतलं. दुकानात नुसतं रंगावर जाऊ नका, टोपण काढून निब उजेडात धरा. तिच्या दोन पाकळ्या सारख्या पातळीत हव्यात, एक वर एक खाली नको, आणि मधली चीर सरळ हवी. निबेखालची काळी जीभ निबेला घट्ट चिकटलेली हवी. दुकानदाराला शाईत बुडवून द्यायला सांगा आणि कागदावर मराठी आठ आणि इंग्रजी आठ काढून बघा. सगळ्या बाजूंना वळताना कागद खरवडला जात असेल तर ते पेन ठेवून द्या. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार फार, म्हणून बारीक निब बरी. जाड निबेने अनुस्वाराचा ठिपका होतो आणि 'ध'चं पोट भरून जातं.

शाई भरायच्या तऱ्हा तीन. काहींमध्ये तयार शाईची नळी बसवतात. सोपं, पण नळ्या महाग पडतात आणि लहान गावात मिळतीलच असं नाही. काहींमध्ये पिळून किंवा फिरवून दौतीतली शाई ओढून घेणारी नळी असते. रोजच्यासाठी हे सगळ्यांत सोयीचं. तिसरी तऱ्हा जुनी, मागचा भाग उघडून ड्रॉपरने शाई ओतायची. यात शाई भरपूर मावते, पण एक लक्षात ठेवा, शाई संपत आली की असलं पेन ओकतं. आत शाई थोडी आणि हवा जास्त झाली की हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून हे पेन पाऊण रिकामं व्हायच्या आत भरावं. आणि एसटीने जाताना कुठलंही शाईचं पेन निब वर करूनच ठेवावं. नाही तर वडखळपर्यंत पर्समध्ये रंगपंचमी!

निगा म्हणाल तर लोणच्याच्या बरणीपेक्षा कमीच. महिन्यातून एकदा निबेचा भाग साध्या गार पाण्यात धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि सुती फडक्यावर उलटा ठेवून वाळवायचा. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नका, साका धरतो. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई तर चुकूनही घालू नका, ती आत वाळली की पेन कायमचं बंद. आठ-पंधरा दिवस लिहायचं नसेल तर शाई काढून, धुऊन ठेवा. आणि कपड्यावर डाग पडला तर चोळत बसू नका, लगेच गार पाण्याच्या धारेखाली धरा. साधी निळी शाई बरीचशी निघून जाते.

बरीचशी निघून जाते, इथेच माझा मूळ मुद्दा परत येतो. जी शाई शाळेच्या सदऱ्यावरून निघते, ती पुरात रजिस्टरवरूनही निघते. म्हणून नवी दौत आणली की आधी घरीच परीक्षा घ्या. कागदावर चार आकडे लिहा, एक दिवस वाळू द्या आणि मग नळाखाली धरा. आकडे टिकले तर ती शाई हिशोबाला, नाही टिकले तर पत्राला आणि सरावाला. दौतीवर काय छापलंय त्यापेक्षा नळाचं पाणी जास्त खरं बोलतं.

आणि काही कामं शाईच्या पेनाची नाहीतच, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. गटाचं रजिस्टर, चेक, सरकारी अर्ज यांना मी आता बॉलपेनच वापरते. कार्बन लावून दोन प्रती काढायच्या पावतीपुस्तकाला तर दाब हवाच, तिथे निब वाकेल. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की पातळ कागदावर शाई फुटते. तेव्हा वही पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि कागद जरा जाड, गुळगुळीत घ्या. प्रेम असलं तरी डोळे उघडे ठेवावेत, मग ते माणसावर असो की पेनावर!

कोणी म्हणेल, आता मोबाइलवर सगळं लिहिता येतं, पेन कशाला? मोबाइल वापराच, मीही वापरते. पण बँकेत, ग्रामसभेत, शाळेच्या पालकसभेत अजून कागद पुढे येतो आणि सही मागितली जाते. तेव्हा शेजारच्या पुरुषाच्या खिशाकडे हात पसरणारी बाई आणि पर्समधून स्वतःचं पेन काढणारी बाई यांच्याशी लोक वेगळं बोलतात, हे मी वीस वर्षं बघते आहे. पेन काढणारी बाई निदान कागद वाचून सही करील, असा त्यांना धाक असतो. आणि पेन हातात असलं की आपणही खरंच वाचतो.

गटात मी आता एक सुचवलं आहे. संक्रांतीला वाण म्हणून आपण प्लास्टिकचे डबे, गाळण्या लुटतो. घरात त्यांची चळत लागली आहे. येत्या संक्रांतीला एकेक साधं पेन आणि चाळीस पानी वही लुटू या. पहिल्या पानावर तिचं नाव तिने स्वतः लिहायचं, दुसऱ्या पानापासून तिची बचत, तिचं कर्ज, तिने फेडलेला हप्ता. कोणीही मागितली तरी ही वही घरातच राहील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी एक लिहिणारी बसेल, पण पेन त्यांच्याच हातात असेल.

ज्या काकूंची गोष्ट सांगितली, त्या आता थकल्या आहेत. मी पेणहून आणलेलं पेन आधी त्यांनाच दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, निब उजेडात धरून पाहिली, जशी मी कधी काळी शिकवली होती तशी, आणि वहीच्या कोपऱ्यात हळूहळू आपली सही केली. मग खाली आकडा लिहिला, सहा. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. त्यांचे सहा हप्ते खरेच होते, हे मला इतकी वर्षं मनातून माहीत होतं. या वेळी ते त्यांच्या हाताने कागदावर आलं.

शाई मी आधीच नळाखाली तपासून घेतली होती.