बोटातला एक थेंब

गेल्या वर्षी माझ्या पुतणीला कोल्हापुरातच वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. खानदानातली पहिली डॉक्टर होणार म्हणून भावानं गल्लीत पेढे वाटले. तीन महिन्यांनी पहिली चाचणी झाली आणि पोरगी शरीरक्रियाशास्त्रात, म्हणजे फिजिऑलॉजीत, नापास झाली. दोन दिवस ती नीट जेवली नाही. भाऊ हळूच मला म्हणाला, ‘‘आपा, झेपत नसेल तर बीएस्सीला घालू या. लोकांना काय, चार दिवस बोलतील.’’

मी तीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. म्हटलं, आधी वही तर बघू.

वहीत सगळं पाठ केलेलं होतं. व्याख्या बिनचूक, आकडे बिनचूक. पण प्रश्न होता, ‘रक्तदाब अचानक कमी झाला तर शरीर काय करतं ते समजावून सांगा’, आणि तिनं रक्तदाबाची व्याख्या लिहून खाली चार मुद्दे टाकले होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढची दोन वर्षं नीटची तयारी. चार पर्यायांतून एक निवडायची सवय लागलेली. इथे निवडायला काही नव्हतं, सांगायचं होतं. कोणता अवयव कुठे आहे, हे शरीररचनाशास्त्र सांगतं. तो काम कसं करतो, का करतो, आणि बिघडलं तर बाकीचे त्याला कसं सांभाळून घेतात, हे शरीरक्रियाशास्त्र. ते पाठ होत नाही, कुणाला तरी सांगावं लागतं.

मग आम्ही घरात एक रिवाज पाडला. इशाच्या नमाजानंतर अर्धा तास तिनं दादीला मराठीत धडा सांगायचा. दादीला कळला, की तोच धडा इंग्रजीत लिहून काढायचा. माझी अम्मी चौथी शिकलेली, पण प्रश्न असे विचारते की परीक्षकानं शिकावं.

पहिल्या आठवड्यात मूत्रपिंडाचा धडा होता. पुतणी म्हणाली, ‘‘दादी, दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात. पण लघवी होते दीड लिटरच्या आसपास.’’

‘‘मग बाकीचं जातं कुठं?’’

‘‘परत रक्तात.’’

‘‘आणि रोज्यात पाणीच नाही प्यायलं तर?’’

पुतणी थांबली. पुस्तक उघडलं. मग तिचं तिलाच उमगत गेलं. पाणी कमी पडलं की रक्त किंचित दाट होतं, ते मेंदूला कळतं, मेंदूखालच्या ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी सोडू नका. म्हणून असरच्या सुमाराला लघवी थोडी आणि पिवळी होते. अम्मी म्हणाली, ‘‘पन्नास वर्षं रोजे धरले, हे कुणी सांगितलं नव्हतं.’’ त्या रात्री पुतणीनं दोन पानं इंग्रजीत एका दमात लिहिली.

हृदयाच्या धड्याला अम्मीनं विचारलं, ‘‘उजवीकडचं रक्त डावीकडे जातं कसं? मध्ये भिंत आहे म्हणतेस ना?’’ हा प्रश्न फार जुना आहे. गॅलन या ग्रीक वैद्यानं दुसऱ्या शतकात सांगितलं होतं की त्या भिंतीत न दिसणारी छिद्रं आहेत. हजार वर्षं जग तेच मानत आलं. दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत काम केलेले इब्न नफीस यांनी 1242 मध्ये लिहिलं की छिद्रं नाहीतच, रक्त उजवीकडून फुप्फुसांत जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डावीकडे येतं. इंग्लंडच्या विल्यम हार्वेचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ आला तो 1628 मध्ये. इब्न नफीस यांचं हे लिखाण पुढे लोक विसरूनच गेले. 1924 मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला ते बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, सांगावीही. पण पुतणीला मी एवढंच म्हटलं, ‘‘मोठ्या माणसानं लिहिलं म्हणून ते थांबले नाहीत, विचारत राहिले. तू दादीसारखी विचारत जा.’’

खरा धडा मात्र प्रयोगशाळेत मिळाला. पहिल्या वर्षाला स्वतःच्या बोटाला सुई टोचून स्वतःचंच हिमोग्लोबिन मोजायला शिकवतात. नळीत थोडं आम्ल घ्यायचं, त्यात रक्ताचा मोजका थेंब सोडायचा. रंग तपकिरी होतो. मग शेजारच्या ठरलेल्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचं आणि आकडा वाचायचा. पुतणीचा आकडा आला 9.2. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं, तेवढंच. दवाखान्यात यंत्रावर तपासलं, 9.4. बाईमाणसाचं 12 च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात.

रात्री तिनं दादीला हिशेब सांगितला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलीलीटर ऑक्सिजन वाहून नेतं. 100 मिलीलीटर रक्तात 15 ग्रॅम असेल तर 20 मिलीलीटर ऑक्सिजन, 9 ग्रॅम असेल तर 12. उरलेली तूट हृदय भरून काढायला बघतं, म्हणून ते जोरात धडधडतं. कॉलेजचा जिना चढताना तिला दम लागायचा, दुपारी डोळे मिटायचे. आम्ही त्याला अभ्यासाचा ताण म्हणत होतो.

अम्मी म्हणाली, ‘‘मग तुझ्या आईचंही बघा.’’ भाभीचं निघालं 8.7. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. हे आमच्या एका घरचं नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 100 पैकी 57 बायकांना रक्तक्षय आढळला.

मला माझीच लाज वाटली. कोल्हापूरचं घर, रविवारी मटण नाही असं होत नाही. पण वाढायची पद्धत काय? आधी पुरुष, मग मुलगे, मग पाहुणे. कलेजी भावाच्या ताटात, नळी पुतण्याच्या. बायका बसतात शेवटी, तेव्हा पातेल्यात रस्सा असतो आणि दोन हाडं. मीही वर्षानुवर्षं असंच वाढत आले. आणि गरज उलटी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबानं पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला 29, कारण दर महिन्याला तिचं रक्त जातं. मटणातलं लोह अंगी लवकर लागतं, पालेभाजी-डाळीतलं कमी. त्यावर लिंबू पिळलं तर जास्त लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. आमच्याकडे बायका जेवण संपता संपता चहा टाकत.

डॉक्टरांनी दोघींना तपासलं, पाळीत रक्त जास्त जातं का, जंत आहेत का ते पाहिलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मी आणि अम्मीनं ताटं बदलली. आता रविवारी सगळे एकत्र बसतात आणि कलेजीचे वाटे अम्मी स्वतः करते. चहा तासाभरानं होतो. भाऊ पहिल्या दिवशी ताटाकडे बघत राहिला, मग काही न बोलता जेवला. बीएस्सीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. तीन महिन्यांनी पुतणी 11.3 वर आली, भाभी 10.6 वर. दुसऱ्या चाचणीत पोरगी पास झाली. गुण फार नाहीत, पण तिनं वही मला स्वतःहून दाखवली.

दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग तुम्ही पाहिलंच असेल. 1906 मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकारानं मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि खेड्यापाड्यातल्या मुलांची तिथे सोय झाली. माझे अब्बा तिथेच राहून शिकले. ते म्हणायचे, शिकणाऱ्याला दोन गोष्टी लागतात, डोक्यावर छप्पर आणि पोटभर जेवण. मुलांसाठी हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वी कळलं. मुलींची फी आपण आता भरतो, क्लास लावतो, दुआ करतो. त्यांच्या ताटाकडे मात्र बघायचं राहून जातं.

बहिणींनो, या रविवारी एवढंच करा. शेवटी कोण जेवतं आणि तिच्या ताटात काय पडतं, ते बघा. आणि घरातल्या सगळ्या बायकामुलींचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. सरकारी दवाखान्यातही होतं, थेंबभर रक्त लागतं.