चेहरा हसरा, हात बांधलेले!

ज्या गावात चैत्रात म्हातोबाचे बगाड निघते, त्याच गावाच्या शिवारात आज काचेच्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत आणि मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे नाव न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत घेतले जात आहे. त्या इमारतींविषयी, तेथील वाहतुकीच्या कोंडीविषयी आणि मेट्रोच्या खांबांविषयी आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. ती पडावयासच हवी होती. परंतु त्याच रस्त्यांवर संगणकवाल्यांच्या जोडीने दुसरी एक फौज रात्रंदिवस राबत असते आणि तिच्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. परदेशी पाहुण्यासाठी मोटारीचे दार उघडणारा दरवान, स्वागतकक्षात टाय बांधून उभा असलेला तरुण, न्याहारीच्या टेबलाशी कॉफी ओतणारी मुलगी, खोलीतील चादरी बदलणारी बाई आणि पहाटे तीन वाजता विमानतळावर फलक धरून तिष्ठणारा ड्रायव्हर, अशी ही फौज आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, ओडिशातून, ईशान्येच्या डोंगरांतून ही मुले येतात, माण-मारुंजीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात आणि सकाळी इस्त्रीचा गणवेश चढवून हसत उभी राहतात. हसणे हा त्यांच्या नोकरीचा भाग आहे. प्रश्न असा आहे, की ज्यांच्याकडून हे हास्य आपण विकत घेतो, त्यांना त्या हास्यामागे उभे राहण्याचे बळ आपण देतो काय?

काही महिन्यांपूर्वी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मुसळधार पावसात या भागातील एका हॉटेलात उतरावयास आले. रात्री आठला पोहोचावयाचे ते रस्त्यावरील कोंडीमुळे साडेअकराला पोहोचले. बरोबर पत्नी, आणि ताप आलेले लहान मूल. त्यांनी मुलासाठी कपभर गरम दूध मागितले. स्वागतकक्षातील तरुणाने अदबीने सांगितले, की स्वयंपाकघर अकराला बंद होते, नंतरच्या मागणीची नोंद यंत्रात होत नाही आणि व्यवस्थापकांच्या परवानगीवाचून आपणास काही करता येत नाही. व्यवस्थापक झोपले होते. गृहस्थ संतापले, नको ते बोलले आणि खोलीत जाताच त्या तरुणाच्या नावानिशी मोबाईलवर एक तारा देऊन मोकळे झाले. सकाळी त्यांना कळले, की तो तरुण आदल्या दुपारपासून उभा होता. त्याला मोकळे करणारा सहकारी त्याच पावसात, त्याच कोंडीत अडकला होता. त्या एका ताऱ्यापायी त्याच्या त्या महिन्याच्या प्रोत्साहन-रकमेला कात्री लागणार होती. आमचे परिचित सज्जन आहेत; त्यांना स्वतःची लाज वाटली. परंतु लाज खरोखर कोणाला वाटावयास हवी होती? कपभर दूध देण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याला ‘आमच्या संस्थेचा चेहरा’ म्हणून दारात उभे करणाऱ्या व्यवस्थेला!

पाहुणचाराच्या धंद्यात मालक पाहुण्याला क्वचितच भेटतो. पाहुण्याला भेटतो तो सर्वांत कमी पगाराचा, सर्वांत कमी अधिकाराचा आणि बहुधा सर्वांत कमी वयाचा माणूस. स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्स या विमान कंपनीची सूत्रे १९८१ साली यान कार्लझन यांनी हाती घेतली, तेव्हा त्यांनी एक साधा हिशेब मांडला. वर्षाला एक कोटी उतारू, प्रत्येकाची गाठ सुमारे पाच नोकरांशी आणि प्रत्येक गाठ सरासरी पंधरा सेकंदांची; म्हणजे कंपनीची अब्रू वर्षातून पाच कोटी वेळा, पंधरा-पंधरा सेकंदांसाठी, खालच्या नोकरांच्या हाती असते. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की त्या पंधरा सेकंदांत निर्णय घेण्याचा अधिकार त्या नोकरालाच असला पाहिजे. साहेबाला विचारून येईपर्यंत उतारू निघून गेलेला असतो. रिट्झ-कार्लटन या हॉटेल-संस्थेने तर पाहुण्याची अडचण दूर करण्यासाठी दोन हजार डॉलरपर्यंतचा खर्च वरिष्ठांना न विचारता करण्याची मुभा साध्या नोकरालाही दिली. आमच्याकडे मुभा कपभर दुधाचीही नाही!

यावर मालकवर्गाचे उत्तर ठरलेले आहे: ‘अधिकार दिला तर त्याचा गैरवापर होईल, आणि ही मुले सहा महिन्यांत सोडून जातात, मग त्यांना शिकवावयाचे कशाला?’ हे उत्तर सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुले सोडून जातात, हे खरे. परंतु ती का जातात, हा प्रश्न विचारण्याचे कष्ट किती जणांनी घेतले आहेत? ठेकेदारामार्फत नेमलेला, अकरा महिन्यांच्या कागदावर टांगलेला, सकाळची व रात्रीची अशी फोडून दिलेली पाळी करणारा आणि पाहुण्याच्या शिव्या खाऊन वर ‘क्षमा असावी’ म्हणणारा माणूस पलीकडच्या हॉटेलात पाचशे रुपये जास्त मिळताच गेला, तर त्यात नवल ते कोणते? ज्याने आपल्याशी उद्याचे नाते ठेवले नाही, त्याच्याशी आपण आजचे इमान ठेवावे, ही अपेक्षाच मुळी अव्यवहारी आहे. मुले जातात म्हणून त्यांना शिकवावयाचे नाही आणि शिकवीत नाही म्हणून मुले जातात, हे दुष्टचक्र तोडण्याची जबाबदारी ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली आहे त्याचीच असू शकते.

राहता राहिला गैरवापराचा प्रश्न. त्याचे उत्तर आमच्याच महाराष्ट्राने एका भयंकर रात्री दिलेले आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलावर अतिरेक्यांनी हल्ला केला, तेव्हा तेथील नोकरवर्गाला कोणतीही आज्ञा मिळालेली नव्हती; मिळणे शक्यही नव्हते. टेलिफोन चालविणाऱ्या काही जणांना सुरक्षित बाहेर काढण्यात आले होते. ते आपण होऊन परत आत गेले व खोल्याखोल्यांत फोन करून पाहुण्यांना ‘दार उघडू नका’ असे सांगत राहिले. स्वयंपाकघरातील माणसांनी पाहुण्यांभोवती स्वतःच्या देहांचे कडे केले. हॉटेलाचे व्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी व दोन मुले त्या आगीत गेली, तरी ते आपल्या कामावरून हलले नाहीत. बारा-पंधराशे पाहुण्यांना बाहेर काढताना ताजच्या अकरा नोकरांनी प्राण वेचले. हे कसे घडले, याचा अभ्यास हार्वर्डच्या रोहित देशपांडे व अंजली रैना यांनी केला व तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले, की ताज आपली माणसे मोठ्या शहरांऐवजी लहान गावांतून निवडीत असे, गुणपत्रिकेपेक्षा स्वभाव पाहात असे आणि इतरत्र बारा महिन्यांचे असणारे शिक्षण तेथे अठरा महिने चाले. एका पाहुण्याच्या चोवीस तासांच्या मुक्कामात नोकरांशी चाळीस-पंचेचाळीस वेळा गाठ पडते आणि त्यांतील बहुतेक वेळी वर देखरेख करणारा कोणी नसतो. म्हणून प्रत्येक नोकराला स्वतःच्या बुद्धीने वागावयास शिकविले जाई, आणि पाहुण्याने केलेल्या कौतुकाची पोच त्याला ताबडतोब मिळे. सारांश, ज्याला एरवी दुधाच्या कपाबाबत विश्वासाने वागविले जाते, तोच अग्निदिव्याच्या प्रसंगी विश्वासाला पात्र ठरतो.

मात्र या उदाहरणाचा आधार घेऊन कोणी मालक आपल्या नोकरांपुढे त्यागाची प्रवचने झोडणार असेल, तर त्यालाही आम्ही बजावू इच्छितो, की त्याग मागण्याचा अधिकार आधी देणाऱ्यालाच असतो. दीड वर्षाचे शिक्षण द्यावयाचे नाही, कायमची नोकरी द्यावयाची नाही आणि इमान मात्र ताजचे हवे, हा सौदा चालणार नाही.

हास्याचीही एक किंमत असते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील परिचारिकांचा अभ्यास करून १९८३ साली असे दाखवून दिले, की मनात नसलेली भावना चेहऱ्यावर दिवसभर धारण करणे हेही श्रमच आहेत. आणि हे श्रम करणारा माणूस कालांतराने स्वतःच्या भावनांनाच परका होतो. हमालाच्या पाठीवरील गोणी दिसते म्हणून तिचे वजन आपण मान्य करतो. स्वागतिकेच्या ओठांवरील गोणी दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे आपण समजतो! केरळने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील नोकरांना कामाच्या वेळी बसण्याचा हक्क कायद्याने दिला. जेथे बसण्यासाठीदेखील कायदा करावा लागतो, तेथे मनाच्या विश्रांतीची कथा काय सांगावी? आणि आमच्या राज्य सरकारने २०२५ साली काय ठरविले? तर कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्याचे! आठवड्याचे तास तेवढेच राहतील आणि जादा कामाचा जादा मोबदला मिळेल, असे सरकार म्हणते. कागदावर ते ठीक आहे. परंतु ज्याचा एक तास वाकडच्या पुलाशी व एक तास हिंजवडीच्या चौकात जातो, त्याचा दहा तासांचा दिवस बारा तासांचा होतो, हे मंत्रालयात कोण मोजणार?

अतएव काही गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. पहिली, नियुक्तिपत्राची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे सक्तीचे केले आहे. ठेकेदाराच्या नावाआड लपून हॉटेलांनी ही जबाबदारी टाळू नये व सरकारने ती टाळू देऊ नये. दुसरी, रात्रीच्या प्रवासाची. रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवावयाचे तर त्यांची संमती, संरक्षण व वाहनाची सोय आवश्यक, असे राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाच सांगतो. हिंजवडीतील हॉटेलांनी एकत्र येऊन सर्वांसाठी, स्त्री-पुरुष हा भेद न करता, रात्रीच्या सामायिक गाड्या सुरू केल्या तर कोणाचेही दिवाळे निघणार नाही. तिसरी, पैशाची. ग्राहकांवर सर्व्हिस चार्ज लादता येणार नाही, हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा दंडक दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी उचलून धरला. ‘हा पैसा आमच्या नोकरांसाठी आहे’ असे हॉटेलवाले सांगत आले आहेत. त्यांचे म्हणणे खरे असेल, तर तो उघडपणे पदार्थाच्या किमतीत धरावा आणि पगारपत्रकात दाखवावा. ग्राहक कुरकुर करणार नाही. चौथी आणि सर्वांत स्वस्त गोष्ट अधिकाराची. प्रत्येक पाळीतील प्रत्येक नोकराला, विचारल्यावाचून खर्च करता येईल अशी एक लहानशी रक्कम ठरवून द्यावी; आणि तारे मोजून पगार कापण्यापूर्वी त्या नोकराची बाजू ऐकून घ्यावी.

आता आपल्या वाचकांशी, म्हणजे पाहुण्यांच्या बाजूने बसणाऱ्या आपणा सर्वांशी, दोन शब्द. पुण्याच्या दुकानदाराचा तिरसटपणा आणि ‘एक ते चार बंद’ ही पाटी यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो. चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवावयाचे ठरविले, तेव्हा त्याची बातमी झाली! परंतु त्या तिरसटपणात एक गोष्ट होती, ती आपण विसरतो: गल्ल्यावर बसलेला माणूस स्वतः मालक होता. त्याला न पटलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठविण्याचे स्वातंत्र्य होते आणि त्याच्या दुकानातील नोकरालाही दुपारी पाठ टेकावयास मिळत होती. आज काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या मुलापाशी ना ती मालकी, ना ते स्वातंत्र्य, ना ती दुपार. त्याच्यावर आवाज चढविणे हा जगातील सर्वांत सोपा पराक्रम आहे. कारण उलट उत्तर न देण्याचाच त्याला पगार मिळतो. जुन्या हॉटेलांत टेबल पुसणाऱ्या मुलाला सारे ‘पोऱ्या’ म्हणत. त्याचे नाव कोणी विचारीत नसे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत कामास ठेवण्यास बंदी झाली, हे उत्तमच झाले. आज त्याच्या जागी तरुण उभा आहे, त्याच्या छातीवर नावाची चकचकीत पट्टी आहे. आणि ती पट्टी आपण वाचतो ती केव्हा? तक्रार लिहावयाच्या वेळी!

केसरी पाटील यांनी १९८४ साली सुरू केलेल्या सहलींपासून मराठी मध्यमवर्ग घोळक्याने जग पाहू लागला. युरोपच्या थंडीत आपल्या आजीचा हात धरून तिला बसमध्ये चढविणारा टूर मॅनेजर आपल्या घरी वर्षानुवर्षे आठवला जातो. त्याचे नाव आपण विसरत नाही. तो प्रसंग ओळखून स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतो आणि आपण त्याला घरच्या मुलासारखे वागवितो. तेच आपण हिंजवडीच्या स्वागतकक्षाशी उभे राहिलो, की घरचे वळण विसरतो काय?

‘अतिथी देवो भव’ हे वचन आपण पर्यटनाच्या जाहिरातींत मोठ्या अभिमानाने मिरवितो. ज्या घरात पूजा करणाऱ्याचे हात बांधलेले आहेत, त्या घरातील देवाला नैवेद्य कोण दाखविणार? मालकांनी ते हात सोडावे, सरकारने ते सोडले गेले की नाही हे पाहावे, आणि आपण पाहुण्यांनी त्या हातांतून दुधाचा कप घेताना, निदान एकदा, त्या माणसाच्या तोंडाकडे पाहावे.