अस्थिरतेचा बागुलबुवा आणि हुकूमशाहीची वाट



"सरकारे टिकत नाहीत, आमदार रातोरात पक्ष बदलतात, कोर्टात नुसत्या तारखा पडतात. त्यापेक्षा एक खमक्या माणूस आणा आणि दहा वर्षे सगळे त्याच्या हाती सोपवा." हे बोलणे अलीकडे कँटीनमध्ये, रनिंग रूममध्ये, आर.एम.एस.च्या सॉर्टिंग हॉलमध्ये सर्रास ऐकू येते. बोलणारा माणूस वाईट नसतो, तो कंटाळलेला असतो. पण हुकूमशाहीला जो कच्चा माल लागतो तो हा कंटाळाच आहे, आणि तो पुरवणाऱ्यांत आपण कामगारही असतो, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

फेडरेशनच्या कामासाठी दिल्लीस आलो की माझा मुक्काम लक्ष्मीबाई नगरात नातेवाइकांच्या क्वार्टरमध्ये असतो. सरोजिनी नगरच्या शेजारची ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत. झाशीच्या राणीचे नाव मिरवणाऱ्या या वसाहतीत मराठी घरेही आहेत. गेल्या खेपेस तिथला एक तरुण कारकून मला म्हणाला, "काका, काही म्हणा, आणीबाणीत गाड्या तरी वेळेवर धावत होत्या!" हा मुलगा आणीबाणी उठल्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेला. हे वाक्य त्याने घरात ऐकले, घरच्यांनी शेजाऱ्यांकडून ऐकले. मी त्याला उत्तर दिले, पण ते तुटक झाले. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. आणीबाणी आणणारे सरकार दुबळे नव्हते. दुबळेपणाचा काळ त्याच्या आधीचा, १९६७ ते १९७१ चा. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले, आघाड्यांची सरकारे आली आणि पडली. हरियाणातील आमदार गयालाल यांनी थोड्या दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम-गयाराम' हा शब्द देशाला मिळाला. केंद्रातही १९६९ मध्ये काँग्रेस फुटून सरकार अल्पमतात आले. लोक या खेळाला विटले. १९७१ मध्ये त्यांनी इंदिरा गांधींच्या पक्षाला लोकसभेत ३५२ जागा दिल्या. वर्षअखेरीस बांगलादेशचे युद्ध जिंकले. एवढे भक्कम सरकार देशाने बऱ्याच काळात पाहिले नव्हते. स्थैर्य हवे होते, ते मिळाले. पुढे काय झाले?

महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला, १९७३ मध्ये जगभर तेल भडकले, धान्य, रॉकेल, तूप बाजारातून गायब झाले. मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले. गुजरातेत विद्यार्थ्यांच्या आंदोलनाने फेब्रुवारी १९७४ मध्ये चिमणभाई पटेल यांचे मंत्रिमंडळ गेले, बिहारमध्ये जयप्रकाशजी उभे राहिले. आणि मग आपला संप झाला.

८ मे १९७४. सुमारे १७ लाख रेल्वे कामगार या देशव्यापी संपाच्या हाकेखाली होते. मागण्या काय होत्या? आठ तासांची ड्युटी, सार्वजनिक उद्योगांतील कामगारांच्या बरोबरीचे वेतन, महागाई भत्ता आणि बोनस. इंजिनवरचा माणूस चौदा-सोळा तास भट्टीसमोर उभा राहत असे, हे आजच्या वातानुकूलित कॅबवाल्या लोको पायलट बंधूंना सांगितले तर खरे वाटणार नाही. वाटाघाटी चालू असतानाच २ मे रोजी लखनौ येथे जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. मग डी.आय.आर. आणि मिसाखाली हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. प्रादेशिक सेना रुळांवर आली. रेल्वे वसाहतींत पोलिस शिरले, क्वार्टरचे वीज-पाणी तोडले गेले, बायकामुलांना सामानासकट बाहेर काढले गेले. बडतर्फी, निलंबन, सेवाखंड यांचे कागद गठ्ठ्यांनी निघाले. २७ मे रोजी संप बिनशर्त मागे घ्यावा लागला.

हा इतिहास आपण संपाचा इतिहास म्हणून सांगतो. माझ्या मते तो आणीबाणीचा इतिहास आहे. आणीबाणीची रंगीत तालीम मे १९७४ मध्ये रेल्वे कॉलनीत झाली. विनाचौकशी अटक करता येते, घरे रिकामी करवून घेता येतात, आणि बाकीचा समाज फारसा हलत नाही, हे सत्तेला त्या वीस दिवसांत कळले. शहरातला पांढरपेशा वर्ग म्हणत होता, "या संपवाल्यांना असेच पाहिजे, आमची गाडी चुकली." आपल्या दोन मान्यताप्राप्त फेडरेशनपैकी एक संपाबाहेर राहिले, तेही सत्तेने नोंदवून ठेवले असणार. संप मोडल्यावर जुलै १९७४ मध्ये नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा हिस्सा सक्तीच्या ठेवीत अडकवण्यात आला. तेव्हाही कुणाचे तोंड उघडले नाही.

वर्षभराने पाळी सगळ्यांची आली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनला संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाशजींची सभा झाली. त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. मंत्रिमंडळाला सकाळी सहा वाजता बोलावून झालेली गोष्ट सांगण्यात आली. बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज रात्रीच गेली होती. कारण काय दिले? देशात अंतर्गत अशांतता आहे. म्हणजे ज्या अस्थिरतेला लोक कंटाळले होते तिचेच नाव पुढे करून लोकांचे हक्क काढून घेतले.

आता गाड्या वेळेवर. होय, धावल्या. हजेरीपुस्तकावर लोक दहाच्या ठोक्याला सह्या करू लागले, हेही खरे. पण त्याच कारकुनांना नसबंदीच्या 'केसेस' आणण्याचे कोटे मिळाले. सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि कारखान्यांतील कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. त्याविरुद्ध एक दिवसाचा संप पुकारायची सोय राहिली नव्हती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. गाडी वेळेवर आली, पण त्या गाडीतून कुणाला पकडून नेले हे विचारायची जागा उरली नाही.

महाराष्ट्राने सगळ्यांनीच मान खाली घातली असे मात्र नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या समोर लेखनस्वातंत्र्याविषयी उघड बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. एक वयस्क विदुषी बोलू शकली. मोठमोठ्या संघटनांचे पुढारी कितीसे बोलले, हे ज्याने त्याने आपापल्या जुन्या अंकांत शोधावे.

आता उलट बाजू पाहा. मार्च १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून ते सरकार घालवले. जनता पक्षाचे सरकार आले, ते अंतर्गत भांडणांनी सव्वादोन वर्षांत कोसळले. त्याला आपण नेहमी हसतो. पण त्याच भांडकुदळ सरकारात मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि १९७४ च्या संपात बडतर्फ झालेले कामगार कामावर परत आले. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला लाकडी फळीऐवजी गादीचा बर्थ मिळाला. मिसा रद्द झाला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र बंड' घातले आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी पुकारता येणार नाही असे केले. ज्या बोनससाठी १९७४ मध्ये लाठ्या खाल्ल्या, तो उत्पादकतेशी निगडित बोनस रेल्वेत १९७९-८० पासून सुरू झाला, आणि तेव्हा दिल्लीत चौधरी चरणसिंग यांचे लोकसभेला एक दिवसही सामोरे न गेलेले सरकार होते! पुढे १९९७ मध्ये डझनभर पक्षांच्या टेकूवरचे गुजराल सरकार संपाच्या नोटिशीनंतर आपल्याशी बोलायला बसले आणि पाचव्या वेतन आयोगाचा २० टक्के फिटमेंट ४० टक्के झाला. भक्कम सरकारने आपल्याला तुरुंग दिला आणि डळमळीत सरकारने बोनस दिला. हा काही निसर्गनियम नव्हे. पण 'सरकार बदलत राहते म्हणजे देश बुडतो' हे गणितही चुकीचे आहे, एवढे यातून दिसते.

मग अस्थिरतेतून हुकूमशाही कुठेच येत नाही का? येते, आणि जगात अनेकदा आलेली आहे. फरक कशाने पडतो ते पाहिले पाहिजे. इटलीत १९१९ ते १९२२ या काळात पाच पंतप्रधान झाले. ऑगस्ट १९२२ मधला सार्वत्रिक संप फसला, संघटना आपसांत फाटलेल्या होत्या. ऑक्टोबरात मुसोलिनी मिलानहून रोमला गेला तो आगगाडीच्या शयनयान डब्यातून, राजाचे बोलावणे आल्यावर. जर्मनीत १९३० पासूनच कायदेमंडळ बाजूला ठेवून अध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार चालला होता, १९३२ या एका वर्षात तीन चॅन्सेलर झाले. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर आला. त्याने १ मे ही पगारी सुट्टी जाहीर केली, मिरवणुका काढल्या, आणि २ मे रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना अटक केली. एक दिवसाची सुट्टी घेतली आणि संघटना गेली. आपल्या शेजारी पाकिस्तानात लियाकत अलींच्या खुनानंतर सात वर्षांत सहा पंतप्रधान झाले, सार्वत्रिक निवडणूक एकदाही झाली नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायदा आला तेव्हा रडायला फारसे कुणी नव्हते, कारण लोकांनी ते सरकार निवडलेलेच नव्हते.

या तिन्ही ठिकाणी सरकारे पडत होती, हे आजाराचे लक्षण. आजार वेगळा होता. कुठे निवडणुका टळत होत्या, कुठे वटहुकमांची सवय लागली होती, कुठे न्यायालये वाकत होती, कुठे कामगार फुटलेले होते. ही सवय लागली की शेवटचा धक्का कुणीही देऊ शकतो.

म्हणून आपल्याकडे पाहायचे ते सरकार किती मजबूत यापेक्षा या सवयींकडे. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची बैठक न घेता पंतप्रधानांना निर्णय घेऊ देणारा कामकाज नियमावलीचा बारावा नियम त्यासाठी वापरला गेला. २५ जून १९७५ च्या रात्री हाच नियम वापरला होता. दोन्ही प्रसंग एका तोडीचे होते असे मी म्हणत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्वासदर्शक ठराव घेण्यास सांगितले आणि ते मंत्रिमंडळ चार दिवसांत गेले. पण पक्ष वेगळे, वर्षे वेगळी, आणि नियम तोच. नंतर २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले. लोकांनी मत कुणाला दिले आणि राज्य कुणी केले याचा हिशेब लागेना. याहून मोठी गोष्ट मात्र जवळजवळ चर्चेविना झाली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. तोवर देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेवर एक प्रशासक. कारण आरक्षणाच्या खटल्याचे होते, मान्य. पण गटार तुंबले तर नगरसेवकाच्या दारात जायची सोय साडेतीन वर्षांहून अधिक काळ नाही, याचा आपल्यापैकी कितीजणांना राग आला? "नगरसेवक नाहीत तेच बरे," असे म्हणणारेही मला दादर स्टेशनवर भेटले.

आणि बाहेरच्यांना बोलतो तसे घरातही बोलले पाहिजे. ज्या शाखेत वर्षानुवर्षे निवडणूक होत नाही, ज्या क्रेडिट सोसायटीत तेच पॅनेल बिनविरोध येते आणि हिशेब वाचल्यासारखे करून मंजूर होतो, तिथला सभासद देशाच्या लोकशाहीसाठी कशाला धडपडेल? एकाच खात्यातल्या चार युनियनच्या भांडणाला वैतागून तरुण गँगमन म्हणतो, "सगळ्या बंद करा, साहेबाकडे थेट जातो." हा तोच कंटाळा आहे. साहेब एकट्या माणसाशी गोड बोलतो. बदलीचा कागद हाती पडल्यावर त्या माणसाला युनियनचे ऑफिस आठवते.

१९७४ मध्ये जे विशी-पंचविशीत होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. दरवर्षी पेन्शनरांच्या सभेतल्या खुर्च्या कमी होतात. प्रत्येक शाखेने येत्या ८ मेच्या आत आपल्या भागातील हयात संपकऱ्यांची यादी करावी. निलंबनाचा आदेश, सेवाखंडाचा कागद, तुरुंगातून लिहिलेले पत्र असे जे कुणाच्या ट्रंकेत असेल त्याची झेरॉक्स काढून शाखेच्या फाइलला लावावी. पोस्टातल्या बंधूंनी १९ सप्टेंबर १९६८ च्या संपाबाबतही असेच करावे. त्यातले फार थोडे साक्षीदार उरले आहेत. ही कागदपत्रे नव्या भरतीच्या मुलांसमोर मोठ्याने वाचावीत आणि मग 'गाड्या वेळेवर धावत होत्या' या विषयावर त्यांनाच बोलू द्यावे.