अद्भुतकथेला ओसरीवरचा पाट नको

अद्भुतकथांसाठी राष्ट्रीय पातळीवर एक स्वतंत्र पुरस्कार स्थापन व्हावा, अशी मागणी करणारे एक निवेदन मध्यंतरी आमच्याकडे सहीसाठी आले. निवेदन सद्हेतूने लिहिलेले होते, ते घेऊन येणारी मंडळी साहित्यावर मनापासून प्रेम करणारी होती, आणि अद्भुतकथेवर अन्याय होतो ही त्यांची तक्रार आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. तरीही आम्ही त्यावर सही केली नाही. काहींनी त्याचा अर्थ असा लावला की, पाद्रीबाबांना भुताखेतांच्या आणि उडत्या घोड्यांच्या गोष्टी रुचत नाहीत. हा समज दूर करणे आवश्यक वाटते.

निवेदनातील युक्तिवाद साधा आहे. साहित्य अकादमीने अनुवादासाठी १९८९ पासून, बालसाहित्यासाठी २०१० पासून आणि तरुण लेखकांसाठी २०११ पासून वेगळे पुरस्कार ठेवले. मग अद्भुतकथेसाठीच का ठेवू नये? आमचा प्रतिप्रश्न असा की, पाहुणा दारात उभा असताना माजघरात जागा नाही म्हणून ओसरीवर पाट मांडला, तर त्याला सत्कार म्हणावयाचे की सभ्य शब्दांतील नकार? वेगळा पुरस्कार एकदा निघाला की मुख्य पुरस्काराच्या परीक्षकांना कायमची सबब मिळेल. समोर कितीही थोर अद्भुतकथा आली तरी ते म्हणतील, यांच्यासाठी पलीकडे सोय आहे ना!

परदेशातील दाखला निवेदनात आहे, म्हणून त्याचाही विचार करू. वर्ल्ड फँटसी अवॉर्ड हा पुरस्कार १९७५ पासून दिला जातो आणि त्यात लघुकथेचा स्वतंत्र विभाग आहे. त्या विभागाचा मान १९९१ साली नील गेमन यांच्या 'सँडमन' या चित्रकथामालिकेतील एका भागाला मिळाला. त्यानंतर चित्रकथांना त्या विभागात जागा राहिली नाही. ज्यांना मोठ्या घराने बाहेर बसवले, त्यांनीही आपल्या ओसरीवर आणखी एक उंबरठा बांधलाच. मनुष्यस्वभाव!

आता आपल्या घरात पाहू. अकादमीचे पुरस्कार १९५५ पासून दिले जातात. त्यांच्या मराठी यादीत आमच्या दृष्टीने दोन नोंदी फार बोलक्या आहेत. पहिली १९७३ची. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया' या कथासंग्रहाला त्या वर्षी पुरस्कार जाहीर झाला. त्या संग्रहातील सगळ्याच कथा अद्भुत नाहीत. परंतु 'विदूषक'सारखी कथा ज्या राज्यात घडते ते राज्य कोणत्याही नकाशावर सापडणार नाही, आणि तरीही सत्तेविषयी आणि नियतीविषयी तिच्याइतके भेदक लेखन मराठीत थोडेच झाले आहे. पुढे त्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उपस्थित झाला. पुस्तक नियमाने ठरलेल्या मुदतीत बसते की नाही, यावर शंका घेतली गेली आणि जी.एं.नी पुरस्कार परत केला. कथेची चर्चा बाजूला राहिली, दिनदर्शिकेची झाली.

दुसरी नोंद २०२०ची. नंदा खरे यांच्या 'उद्या' या भविष्यकाळाचे भयचित्र रंगवणाऱ्या कादंबरीला पुरस्कार जाहीर झाला. परंतु पुरस्कार न स्वीकारण्याचा निर्णय आपण पूर्वीच घेतला आहे, समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे, असे सांगून त्यांनी तो नम्रपणे नाकारला. दोघांची कारणे अगदी निराळी, आणि दोघांचाही आम्हाला आदर आहे. योगायोग मात्र असा की, नसलेल्या जगाची कल्पना करणाऱ्या या दोन मराठी पुस्तकांपुढे अकादमीचा हात आला, तो दोन्ही वेळा रिकामा परतला.

तिसरे उदाहरण अधिक टोचणारे आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून आद्याक्षरेही उलटी केली. कथेला पहिला क्रमांक मिळाला. मराठी विज्ञानकथेला घराघरांत नेणाऱ्या या लेखकाला अकादमीने चाळीस वर्षांनी, २०१४ साली, गौरवले खरे. परंतु ते 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी. आत्मचरित्र उत्तम आहे, त्याविषयी वाद नाही. पण ज्या कल्पनेने हजारो मुलांना आकाशाकडे पाहावयास लावले, ती कल्पना सन्मानाच्या वेळी दाराबाहेर थांबली.

कोणी म्हणेल की, वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला १९६० सालीच पुरस्कार मिळाला होता. त्या कथेत तर मुलगा आपले तारुण्य बापाला देतो! बरोबर आहे. महाभारताचे वेष्टन असले की अद्भुत आपल्याला पचते. तेच अद्भुत लेखकाने आज, स्वतःच्या जबाबदारीवर निर्माण केले की त्याला पोरकट म्हणावयाचे. ही भीती कल्पनेची नसून नव्या कल्पनेची आहे.

या विषयावर एक आख्यायिका फार जुनी आहे आणि ती आपल्याच भूमीतली आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाकडे गुणाढ्याने सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' पाठवली. भाषा पैशाची, आणि शाई नसल्याने लेखन रक्ताचे. राजाने ती तुच्छतेने परत केली. गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचून झालेले पान अग्नीत टाकू लागला. पशू चरणे विसरून ऐकत राहिले. मुदपाकखान्यात येणारे मांस निःसत्त्व झाले. राजाने त्याचे कारण शोधले, तेव्हा कुठे तो रानात धावत गेला. तोपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एका लाखातून पुढे 'कथासरित्सागर'सारखे ग्रंथ निघाले. परीक्षकमंडळांच्या बैठकीपूर्वी ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा पाडावी, असे आमचे मत आहे.

आमच्या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. 'उपरा', 'उचल्या', 'झोंबी' यांसारख्या पुस्तकांना अकादमीने गौरवले, कारण त्यांत भोगलेले सत्य आहे. उपाशी माणसाच्या देशात परीकथांचे लाड कशाला? त्या पुस्तकांविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. ज्यांचे बोलणे कोणी ऐकत नव्हते त्यांनी साक्ष दिली, आणि ती ऐकणे हे साहित्यसंस्थांचे कर्तव्यच होते. परंतु साक्ष हा साहित्याचा एक धर्म झाला, एकमेव नव्हे. आणि दुबळ्याला बलवानापुढे सत्य बोलावयाचे असते तेव्हा तो पुष्कळदा अद्भुताचाच आश्रय घेतो. शास्ते या पुस्तकाचा नववा अध्याय उघडून पाहा. अबीमलेखाने सत्तर भावंडांना एका धोंड्यावर ठार केले आणि तो राजा झाला. एकटा वाचलेला योथाम डोंगरावर उभा राहून काय सांगतो? झाडे आपल्यासाठी राजा शोधावयास निघाली, जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल यांनी नकार दिला आणि शेवटी काटेझुडपाने सिंहासन स्वीकारले, अशी गोष्ट सांगतो. आणि जीव वाचवून पळून जातो. बोलणारी झाडे! आमच्या कथास्पर्धांत योथाम पहिल्या फेरीतच बाद झाला असता.

खरे तर आम्ही ख्रिस्ती मराठी वाचकांनी या बाबतीत इतरांच्या पुढे असावयास हवे होते. हरी केशवजी यांनी जॉन बन्यनच्या रूपककथेचे 'यात्रिकक्रमण' हे मराठी रूप १८४१ साली प्रसिद्ध केले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही सामाजिक कादंबरी त्यानंतर सोळा वर्षांनी आली. म्हणजे आमच्या छापील गद्यात कल्पित यात्रा आधी आली, विधवांच्या दुःखाचे वास्तव मागून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल – नवा करार' या ग्रंथाला २०१३ सालचा अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या समाजाला आनंद झाला. त्याच नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात सात डोक्यांचा अग्निवर्ण अजगर आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टॉल्किन निष्ठावंत कॅथलिक होते. परीकथांवरील १९३९च्या व्याख्यानाला पुढे दिलेल्या निबंधरूपात त्यांनी शुभवर्तमानाचे नाते परीकथेच्या आनंदान्ताशी जोडले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४मध्ये साहित्याच्या महत्त्वावर खास पत्र लिहिले, त्यात धर्मगुरूंच्या प्रशिक्षणात साहित्याला दुय्यम स्थान मिळते, याबद्दल खंत आहे. आम्ही सेमिनरीत होतो तेव्हा कादंबरी ही उन्हाळी सुटीतली चैन मानली जात असे.

राहिला अंधश्रद्धेचा मुद्दा. जादूच्या गोष्टी वाचून मुले भोंदूंच्या नादी लागतील, अशी भीती काही भाविक आईवडील आमच्याकडे बोलून दाखवतात. आम्हाला नेमके उलट दिसते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो गोष्टी लिहिणाऱ्यांविरुद्ध झाला नाही. आपली बनावट गोष्ट खरी आहे असे सांगून पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध झाला. कथाकार पहिल्या वाक्यातच कबूल करतो की, हे घडलेले नाही. भोंदू ते कधीच कबूल करत नाही. हा फरक लहानपणी कळावा यासाठी तरी मुलांच्या हाती अद्भुतकथा द्याव्यात.

आणि हे सर्व लिहिण्यास जे निमित्त झाले, ते दिल्लीतले नाही, येथलेच आहे. गेल्या वर्षी एका कथास्पर्धेत आमच्या ओळखीच्या, अकरावीत शिकणाऱ्या मुलीने कथा पाठवली. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला, दहा गावे हलवण्यात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, विमाने उडू लागली. मुलीच्या कथेत ती टेकडी नाताळच्या रात्री परत येते. तिला उभे राहावयास जागा नाही, म्हणून ती घरोघर विचारत फिरते. चौदाव्या मजल्यावरची दारेही वाजवते. कोणी दार उघडत नाही. सकाळी प्रत्येकाच्या उंबरठ्यावर मूठभर लाल माती असते आणि सफाई कामगार ती झाडून नेतात.

परीक्षकांचा शेरा होता: 'भाषा चांगली. मात्र कथेचा वास्तवाशी संबंध नाही. नियम क्रमांक तीन पाहावा.' नियम क्रमांक तीन असा की, कथा सत्यघटनेवर आधारित अथवा वास्तवदर्शी असावी.

नाताळच्या रात्री आश्रयासाठी दार ठोठावणारे कोण, हे ख्रिस्ती परीक्षकांना ओळखता येऊ नये, याचे आम्हाला दुःख झाले. ज्या शहराच्या उभारणीसाठी सिडकोने १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी घेतल्या आणि जेथे जानेवारी १९८४मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणारे पाच शेतकरी गोळीबारात मरण पावले, त्या शहराविषयी याहून वास्तव कथा आम्ही अलीकडे वाचलेली नाही. त्या मुलीने आता पुढील स्पर्धेसाठी मोबाइलच्या दुष्परिणामांवर कथा लिहावयास घेतली आहे, असे तिच्या आईने सांगितले.

म्हणून त्या निवेदनावर आमची सही नाही. अकादमीला पत्र लिहावयाचेच असेल, तर ते मुख्य पुरस्काराच्या परीक्षकांना लिहा आणि अद्भुतकथांचे संग्रह नावानिशी त्यांच्यापुढे ठेवा. त्या पत्रावर आम्ही पहिली सही करू. तत्पूर्वी आपल्या धर्मग्रामांतून आणि मंडळांतून ज्या कथास्पर्धा होतात, त्यांची पत्रके छपाईला जाण्याआधी आयोजकांनी नियम क्रमांक तीन खोडावा. यंदाची पत्रके अजून छापावयाची आहेत.