निब कोणत्या लिपीचे?

जुनी फाउंटन पेने जमवणाऱ्यांचा एक अलिखित नियम आहे. मूळ निबाला हात लावायचा नाही. घासले की पेनाची किंमत उतरते. मला हा नियम मान्य नाही. पेन लिहिण्यासाठी असते, आणि लिहायचे कोणत्या लिपीत हे कारखान्याने परस्पर ठरवून टाकलेले असते.

जुन्या जर्मन पेलिकनच्या निबांवर बी, बीबी, ओबीबी अशी अक्षरे असतात. बी म्हणजे जाड, दोन बी म्हणजे आणखी जाड, ओ म्हणजे तिरका छाट. शौकीन त्यासाठी वाटेल ते मोजतात. पण हा सगळा हिशेब रोमन अक्षरांचा. रुंद निबाने रोमन लिहिताना डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ जाड पडते. देवनागरीत नेमके उलटे. बोरूच्या बाळबोध वळणात उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ भरते. उर्दूच्या नस्तालीकची तऱ्हा तिसरीच. तिथे ‘बे’ची आडवी नाव भरदार आणि ‘अलिफ’ सडपातळ. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लाने अक्षरांची मापे कलमाच्या नुक्त्यावर बसवली. कलमाची रुंदी हीच मोजपट्टी!

हे दोन छाट आमच्या मुलखात जुने शेजारी आहेत. आदिलशाहीतले कितीतरी कागद दुभाषी आहेत, एकाच कागदावर फारसी आणि मोडीतली मराठी. कलम, दौत, शाई, कागद हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि असे मुरले की आंब्याचेही कलम झाले, कायद्याचेही. ज्याला आपण बिनदिक्कत अस्सल मराठी समजतो तो ‘कित्ता’सुद्धा मूळचा अरबी.

मोडनिंबसारख्या गावात मुसलमान पोराच्या हाताला दोन वळणे लागतात. मकतबात उजवीकडून डावीकडे, शाळेत डावीकडून उजवीकडे. पुढे कुणीतरी विचारतेच, तुमची भाषा नक्की कोणती? १९९० साली सोलापुरातच मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तरी हा प्रश्न काही संपत नाही. मी दोन पेने दाखवतो. एक मराठीसाठी घासलेले, एक उर्दूसाठी. शाई एकाच बाटलीतली.

घासणे म्हणजे टोकावरचा कठीण धातूचा ठिपका झिजवणे. गेलेला धातू परत येत नाही, म्हणून अतिरुंद निबच घ्यावे, छाटायला माल राहतो. अतिबारीक पॉलिश पेपरवर पाण्याचा थेंब टाकून चार-पाच फेऱ्या मारायच्या, की भिंगाखाली बघायचे. कडा फार धारदार राहिली तर कागद खरवडतो. परदेशी कारागीर ‘आर्किटेक्ट’ नावाचा छाट देतात, आडवे जाड, उभे बारीक. उर्दूला तो बराच जवळचा. देवनागरीचा छाट मात्र माझ्या पाहण्यातल्या एकाही यादीत नाही.

खरी खंत इथे आहे. राजमहेंद्रीचे रत्नम पेन १९३२ चे, स्वदेशीच्या हाकेतून आलेले. मुंबईत दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईचा धंदा सुरू केला, तोच पुढे कॅम्लिन झाला. शाई आपली झाली, पेन आपले झाले, निबाचा छाट मात्र परकाच राहिला. हातमागावर नक्षी उठवणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात एवढ्याशा धातूला आपल्या अक्षराचे वळण देणारा कारागीर तयार होऊ शकत नाही, हे मला पटत नाही. कुणी शिकायला तयार असेल तर घासायला माझी चार निबे काढून ठेवली आहेत.