बंडाळीचे मूळ आणि कायद्याचा मार्ग

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा ज्येष्ठ पुढारी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या पक्षाचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडमध्ये चकमकीत मारला गेला होता. नक्षलवादाच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. रानातील बंदुका थांबत असतील तर त्याचा आनंद आम्हांस इतर कोणाहूनही अधिक आहे; कारण या युद्धात दोन्ही बाजूंनी मेले ते बहुतांशी गरिबांचेच पुत्र. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक ठार झाले. खबरे ठरवून आदिवासींना मारणाऱ्यांना आदिवासींचे कैवारी म्हणण्यास आम्ही तयार नाही.

तथापि मेलेल्यांची व शरण आलेल्यांची मोजदाद केली म्हणजे बंडाळीचे कारण संपले, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. कारण कोणते, हा प्रश्न खुद्द सरकारनेच विचारला होता. नियोजन आयोगाने २००६ साली डी. बंद्योपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ गट नेमला. त्यात प्रकाश सिंह व अजित डोवाल यांच्यासारखे पोलीस सेवेतील अनुभवी अधिकारी होते, डॉ. सुखदेव थोरात यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आणि के. बालगोपाल यांच्यासारखे मानवी हक्कांचे पुरस्कर्तेही होते. इतक्या भिन्न विचारांच्या माणसांनी एकत्र बसून एप्रिल २००८ मध्ये अहवाल सादर केला, हेच त्याचे मोठे मोल आहे.

अहवालाचे सार असे : नक्षलवादी चळवळीला आधार मिळतो तो मुख्यत्वे दलित व आदिवासी यांच्यातून. जमीन हिरावली जाणे, जंगलावरील हक्क नाकारला जाणे, धरणे व खाणी यांसाठी विस्थापन होणे, जातीय अत्याचारांची दाद न लागणे, ही असंतोषाची उगमस्थाने होत. त्यावर गटाने सुचविलेला उपाय क्रांतिकारक नव्हता. भूसुधारणा, १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा प्रामाणिकपणे अंमलात आणा, एवढेच त्याचे मागणे होते. सरकारने स्वतःचाच कायदा पाळावा, हे सांगण्यासाठी तज्ज्ञांचा गट नेमावा लागला!

शासनाने काय केले? छत्तीसगडमध्ये २००५ पासून सलवा जुडूमच्या नावाखाली आदिवासींना आदिवासींविरुद्ध उभे करण्यात आले होते. या गटाने त्यावर टीका केली. तरी ते थांबले नाही. जेमतेम पाचवी शिकलेल्या तरुणांना दरमहा ३००० रुपये देऊन विशेष पोलीस अधिकारी म्हणून लढाईत ढकलण्यात आले. अखेर ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर खटल्यात ही पद्धत घटनेच्या कलम १४ व २१ यांचा भंग करणारी ठरविली. त्या निकालपत्राने याच अहवालाचा आधार घेतला आहे. मंत्रालयाच्या कपाटात पडलेला अहवाल न्यायालयाने वाचला, ही शासनाला भूषणावह गोष्ट नव्हे.

अहवालाच्याच वर्षी, मुंबईवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात कलम ४३-ड (५) घालण्यात आले. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की या कलमान्वये जामीन नाकारावा लागतो; मग खटला किती वर्षे चालेल याला मर्यादा नाही. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनीच, कोठडीत जावे लागले. दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नाही, असे म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जामीन दिला आणि २६ नोव्हेंबरला, संविधानदिनी, ते बाहेर आले. मधली अडीच वर्षांहून अधिक मुदत त्यांना कोण परत देणार? असे असता जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यातील बेकायदेशीर कृत्याची व्याख्या इतकी सैल आहे की, सनदशीर आंदोलन करणाऱ्यालाही तिचे भय वाटावे.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते की, सनदशीर मार्ग मोकळे असताना रक्तरंजित मार्गाचे समर्थन होऊ शकत नाही. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे त्यांनी मार्क्सच्या मार्गापेक्षा बुद्धाचा मार्ग श्रेष्ठ मानला, कारण तो बळजबरीने नव्हे तर मनःपरिवर्तनाने माणसाला पालटतो. धम्माचा स्वीकार केलेल्या आमच्या समाजाला ही शिकवण शिरोधार्य आहे. परंतु तिला दुसरी बाजूही आहे. सनदशीर मार्गाने जा, असे जनतेस सांगणाऱ्या शासनावर तो मार्ग मोकळा ठेवण्याचे बंधन येते. मार्गावर काटे पसरून वाटसरूला आडवाटेबद्दल दोष देणे हा न्याय नव्हे.

मार्ग मोकळा झाला की काय घडते, हे गडचिरोलीतच पाहावयास मिळते. मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जेथे बंदूक गेली तेथे वनहक्काचा पट्टा, ग्रामसभेचा अधिकार आणि अत्याचाराची फिर्याद लिहून घेणारा ठाणेदार जाऊ द्या. आमच्या वाचकांनाही एक काम सांगावयाचे आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी, आणि मुख्यमंत्र्यांच्या समितीची वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, झाली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात शेवटची बैठक केव्हा झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर न मिळाल्यास अपील करा. ज्या जिल्ह्यात ही बैठक वेळेवर भरते, त्या जिल्ह्याला विशेष कायद्याची गरज फारशी भासणार नाही.