मुळ्याच्या पानांवरील काळी अळी

दिवाळीच्या सुमारास कुंडीत पेरलेल्या मुळ्याला वा मोहरीला चार पाने फुटतात न फुटतात तोच त्यांची चाळण झालेली दिसते. घरातील ज्येष्ठांनी हौसेने लावलेली ही भाजी. म्हणून मुले-सुना तत्परतेने विषारी औषध आणून फवारतात. जी पाने पुढे त्याच वृद्धांच्या ताटात यावयाची, त्यांवर विष घालण्यापूर्वी अपराधी कोण हे पाहणे अगत्याचे आहे.

बहुधा ती मोहरीवरील करवत माशीची अळी असते. शास्त्रीय नाव अथालिया प्रॉक्सिमा. नावात माशी असली तरी हिचे गोत्र मधमाशीचे व मुंगीचे. मात्र हिला नांगी नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही. अंग नारिंगी, डोके काळे, पंख धुरकट. मादी करवतीसारख्या अवयवाने पानाची कड चिरून आत अंडी घालते.

अळी काळपट हिरवी, सुरकुतलेली, पाठीवर पट्टे असलेली, दीड-दोन सेंटिमीटर लांब. खरी खूण पायांत आहे. वर्तमानपत्र वाचावयाचे भिंग घ्यावे आणि पुढच्या तीन जोड्या सोडून पोटाखालचे आखूड, मांसल पाय मोजावेत. फुलपाखराच्या वा पतंगाच्या अळीत त्यांच्या फार तर पाच जोड्या, हिच्यात आठ. हा भेद केवळ अभ्यासकांच्या कौतुकाचा नव्हे. कोबीवरील अळ्यांसाठी मिळणारे ‘बीटी’ हे जिवाणूजन्य औषध पतंगवर्गीय अळ्यांसाठी असते. हिच्यावर ते व्यर्थ जाते.

नजर साथ देत नसेल तर पान हलकेच टिचकावे. ही अळी तत्काळ वेटोळे करून खाली पडते व मेल्याचे सोंग घेते. कोबीवरील पतंगाची हिरवी अळी मात्र वळवळते, धाग्याने लोंबकळते.

मुळा, मोहरी, कोबी, फुलकोबी, नवलकोल, सलगम हे सारे एकाच कुळातील आणि हिचे आवडते. शेजारची मेथी वा पालक कुरतडला गेला असेल, तर चोर दुसरा समजावा.

तिचे सोंगच आपल्या उपयोगी पडते. सकाळी किंवा सायंकाळी, ती पानांवर असताना, कुंडीभोवती पांढरा कागद पसरून पाने झटकावीत व पडलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. दुपारी ती मातीत दडते. वाकणे जड जात असेल त्यांच्यासाठी कुंडी स्टुलावर ठेवून द्यावी. कोष मातीतच होतो, म्हणून वरची माती अधूनमधून खुरप्याने हलवावी. रोपे लहान असताना, पहिल्या महिनाभरात, हा क्रम चुकवू नये.